छोट्या हॉस्पिटलची ऑटोक्लेव्ह रूम उभी करताना

२०२४ साली आमच्या हॉस्पिटलने एनएबीएचच्या, म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या, एन्ट्री लेव्हल (सुरुवातीच्या पातळीच्या) प्रमाणपत्राची तयारी केली. कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं छोटं हॉस्पिटल, सर्जरी आणि बाळंतपणं, एक ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि एक लेबर रूम. मी ओटी इनचार्ज सिस्टर. इमारतीचे कागद, फायर एनओसी, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी हे सगळं सरांनी आणि ऑफिसने बघितलं. ऑपरेशन झाल्यावर इन्स्ट्रुमेंट टेबलावरून निघतं तिथपासून ते धुऊन, ऑटोक्लेव्हमध्ये म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात निर्जंतुक होऊन पुन्हा कपाटात जाईपर्यंतचा सगळा भाग माझ्याकडे आला.

मोठ्या हॉस्पिटलांच्या सीएसएसडीवर, म्हणजे मध्यवर्ती निर्जंतुकीकरण विभागावर, वाचायला भरपूर मिळतं. पण दहा बाय बाराच्या खोलीत, मोजक्या माणसांवर ते कसं बसवायचं हे मला कुठे सापडलं नाही. आता कागल, गडहिंग्लज, इचलकरंजीकडच्या सिस्टर फोन करून विचारतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहून ठेवतेय.

जानेवारीत पहिली मीटिंग झाली. सरांचा पहिला प्रश्न होता, "सिस्टर, नवीन ऑटोक्लेव्ह कुठला घ्यायचा?" मी म्हटलं, "सर, आधी मला एक आठवडा द्या. काहीच विकत घ्यायला नको." त्या आठवड्यात मी वही घेऊन फक्त इन्स्ट्रुमेंटच्या मागे फिरले. एक आर्टरी फॉर्सेप्स (रक्तवाहिनी धरायचा चिमटा) टेबलावरून उतरल्यावर किती वेळ ट्रेमध्ये पडून राहते, कोण उचलतं, कुठल्या सिंकमध्ये जाते, कुठे वाळते, कोण पॅक करतं, सगळं वेळेसकट लिहिलं. लागोपाठ दोन केसेस असल्या की पहिल्या केसचा ट्रे तासभर तसाच राहायचा आणि रक्त वाळून घट्ट बसायचं. धुवायचं सिंक आणि हात धुवायचं सिंक एकच होतं. मळकी आणि स्वच्छ इन्स्ट्रुमेंट एकाच ओट्यावरून जायची. नवीन मशीन आणून यातलं काहीच सुटणार नव्हतं. कुणी मला पहिली पायरी विचारली तर मी हीच सांगते: वही, पेन आणि एक आठवडा. खर्च शून्य.

त्याच आठवड्यात सगळ्या सामानाची यादी केली आणि तिचे तीन भाग पाडले. ही विभागणी अर्ल स्पॉल्डिंग या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाची. अनेक दशकं झाली तरी जगभर तीच वापरतात. जे शरीराच्या निर्जंतुक भागात किंवा रक्तात जातं ते क्रिटिकल, ते निर्जंतुकच हवं. जे आतल्या ओल्या त्वचेला लागतं, म्हणजे घशात घालायच्या लॅरिंगोस्कोपचं ब्लेड वगैरे, ते सेमी-क्रिटिकल, त्याला किमान हाय लेव्हल डिसइन्फेक्शन. जे अखंड त्वचेलाच लागतं, बीपीचा पट्टा, स्टेथोस्कोप, ते पुसून घेतलं तरी चालतं. यादी समोर आल्यावर कळलं की नुसत्या सिडेक्समध्ये (ग्लुटराल्डिहाइडच्या द्रावणात) बुडवून वापरलं जाणारं बरंच काही खरं तर पहिल्या भागातलं आहे. लॅप्रोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीतून करायच्या ऑपरेशनची, ग्रास्पर (पकडायचा चिमटा) आणि ट्रोकार (पोटात घालायची नळी) त्यातच.

फेब्रुवारीत सगळ्यांना एकत्र बोलावून एक प्रयोग दाखवला. पॅकिंगला तयार असलेल्या ट्रेमधून काही आर्टरी उचलल्या, त्यांचे सांधे उघडले आणि प्रत्येक सांध्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला. रक्त शिल्लक असेल तर पेरॉक्साइडला फेस येतो. एकीवर लगेच पांढरा फेस आला.

धुण्याचं काम बघणाऱ्या मावशी पुढे झाल्या. "अवो सिस्टर, धुतल्यालं हाय की हे. सकाळी मीच धुतलंय."

"मावशी, धुतलंय तुम्ही, दिसतंय की. पण सांधा मिटलेला असला तर ब्रश आत जाणार कसा?"

त्यांनी ती आर्टरी हातात घेतली, उघडली, मिटली, परत उघडली आणि म्हणाल्या, "मग मला कुणी सांगितलं न्हाई हे इतकी वर्षं." त्यांचं बरोबर होतं. धुण्याचं काम आपण सगळ्यात शेवटच्या माणसाकडे देतो आणि शिकवत कुणीच नाही. मला या सगळ्या वर्षात पटलेली गोष्ट हीच आहे. ऑटोक्लेव्ह कितीही भारी असू दे, वाळलेल्या रक्ताच्या पापुद्र्याखाली वाफ पोचत नाही, आणि तो पापुद्रा काढणं मावशींच्या हातात असतं. तो फेस बघून सरांनी सिंकच्या खर्चाला तिथल्या तिथे होकार दिला.

सिंक आम्ही उद्यमनगरात करून घेतलं. कोल्हापुरात राहण्याचा हा मोठा फायदा. मापं आणि चित्र दिलं की स्टीलमध्ये काय हवं ते मिळतं. ३०४ ग्रेडचं स्टील, दोन खोल भांडी, कोपराने चालणारा नळ आणि बाजूला उताराचा ओटा. वीस-बावीस हजार लागले. खोल भांडं एवढ्यासाठी की ब्रश पाण्याखालीच चालवायचा. वर धरून घासलं की बारीक तुषार तोंडावर येतात. खोलीच्या मध्ये ॲल्युमिनियमचं पार्टिशन घातलं आणि त्यात सरकती खिडकी केली. मळकं सामान एका दाराने येतं, धुऊन वाळलं की खिडकीतून पलीकडे जातं, आणि ते उलटं कधीच येत नाही. जागा तेवढीच राहिली, पण वाट एका दिशेची झाली.

आता धुण्याची पद्धत. हा भाग लांबेल, पण सगळ्यात जास्त प्रश्न याच्यावरच येतात.

ऑपरेशन चालू असतानाच स्क्रब सिस्टरने (सर्जनच्या हातात इन्स्ट्रुमेंट देणाऱ्या सिस्टरने) इन्स्ट्रुमेंट निर्जंतुक पाण्यात भिजवलेल्या गॉजने पुसत राहायचं. सलाईनने नाही. सलाईनमधल्या क्लोराइडमुळे स्टीलला बारीक खड्डे पडतात, आणि हायपोक्लोराइटने त्याहून जास्त. केस संपली की धारदार सामान वेगळं काढायचं आणि बाकीचं ओलं ठेवून झाकलेल्या डब्यातून न्यायचं. सगळे सांधे उघडे, सुटे होणारे भाग सुटे. मग एन्झाइमचं क्लीनर. बाटलीवर जेवढं लिहिलंय तेवढंच प्रमाण आणि तेवढाच वेळ, पाणी फार तर कोमट. गरम पाणी कधीच नाही, कारण त्याने रक्तातली प्रथिनं गोठून चिकटतात. हेच कारण ग्लुटराल्डिहाइडचं: न धुतलेलं इन्स्ट्रुमेंट त्यात टाकलं की घाण तिथेच पक्की बसते. एन्झाइमचं पाणी दर वेळी नवीन करायचं. क्लीनर आम्हाला लिटरला हजाराच्या आसपास पडला आणि सुरुवातीला ऑफिसमधून "एवढं कशाला लागतंय?" असं विचारणं झालं. मी एका ट्रेचा खर्च काढून दाखवला, तो चहाच्या बिलापेक्षा कमी होता. नंतर कुणी विचारलं नाही.

ब्रश नायलॉनचे. तारेचा ब्रश आणि घरची घासणी दोन्ही बंद, त्यांनी ओरखडे पडतात आणि ओरखड्यात घाण बसते. सक्शन टिप आणि कॅन्युलासाठी त्या त्या मापाचे लांब ब्रश, जे दुसऱ्या टोकातून बाहेर आले पाहिजेत. त्यानंतर सिरिंजने आतून पाणी मारायचं. मग अल्ट्रासोनिक क्लीनर. आमचा छोटाच आहे, तीस हजारांच्या आसपासचा. तो चालतोय का हे बघायला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल पुरते. पट्टी पाण्यात उभी धरून मशीन चालवायचं, पट्टीवर सगळीकडे सारखी बारीक भोकं आणि खड्डे दिसले पाहिजेत.

डाग आणि गंज यातला फरक ओळखायला पेन्सिलीचं खोडरबर वापरा. तपकिरी डाग घासून गेला आणि खाली धातू गुळगुळीत लागला तर तो डाग. खाली खड्डा लागला तर गंज, आणि ते इन्स्ट्रुमेंट बाजूला काढायचं. सांधे जड झाले तर पाण्यात मिसळणारं इन्स्ट्रुमेंट ऑइलच हवं. शिवणयंत्राचं तेल घातलं तर त्याच्या थरातून वाफ आत जात नाही.

आमच्याकडे डाग मुख्यतः पाण्याचे होते. महापालिकेच्या पाण्याबरोबर बोअरचं पाणी त्याच टाकीत यायचं, आणि वाळल्यावर प्रत्येक कात्रीवर पांढरे ठिपके. धुवायला नळाचं पाणी चालतं, शेवटचं खळखळून धुणं मात्र आरओच्या पाण्यात करायला सुरुवात केली आणि ठिपके गेले. ऑटोक्लेव्हमध्ये डिस्टिल्ड पाणीच घालतो. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. तो घ्या आणि आठवड्याला आकडा लिहा.

मार्चमध्ये मशीनचा निर्णय झाला. आमचा जुना उभा ऑटोक्लेव्ह अजून ठणठणीत आहे, १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाला चालणारा. पण त्यात वाफ वरून येऊन हवेला खाली ढकलते. बारीक नळीच्या आत किंवा घट्ट कापडी गठ्ठ्याच्या मधोमध हवा अडकली तर दाबाचा काटा बरोबर दिसतो, आणि त्या जागी तापमान मात्र कमी राहतं. म्हणून लॅप्रोस्कोपीच्या सामानासाठी आधी हवा खेचून काढणारा व्हॅक्यूमचा ऑटोक्लेव्ह लागतो, जो १३४ अंशांवर चालतो. दरपत्रकं मागवताना माझी एकच अट होती: मशीनला प्रिंटर पाहिजे. प्रत्येक सायकलचं तापमान, दाब आणि वेळ कागदावर आलं की रजिस्टरला चिकटवता येतं. जीएसटी धरून अडीच लाखांच्या आत बसलं.

पैसे भरले, आणि मग वाट बघणं सुरू झालं. पुरवठादार एप्रिलचा पहिला आठवडा म्हणाला होता, मशीन आलं मेच्या मध्यात. फोन केला की "निघालंय मॅडम". तुम्ही ऑर्डर द्याल तेव्हा उशिराची तारीख धरूनच अर्जाचं वेळापत्रक करा. मधल्या काळात आम्ही लाइटचं काम उरकलं: स्वतंत्र लाइन, अर्थिंग, स्टॅबिलायझर. सायकल चालू असताना लाइट गेली तर तो लोड, म्हणजे त्या वेळी आत घातलेलं सगळं सामान, पूर्ण रद्द, पॅक उघडून पुन्हा पहिल्यापासून. वळवाच्या पावसात आमच्याकडे हे झालं, म्हणून ऑटोक्लेव्हची लाइन जनरेटरवर घेतली.

मशीन बसल्यावर कंपनीच्या माणसाने रिकामं आणि भरलेलं दोन्ही चालवून दाखवलं. दाबाचे काटे आणि तापमानाचा सेन्सर एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून कॅलिब्रेट करून घेतले. प्रमाणपत्रावर तुमच्या मशीनचा सिरीयल नंबर आहे का ते पैसे देण्याआधी बघा.

मग रोजची तपासणी. सकाळी पहिल्या लोडच्या आधी रिकाम्या चेंबरमध्ये बोवी-डिक टेस्टचा पॅक. सगळी हवा निघते का ते यातून कळतं. कागदाचा रंग सगळीकडे सारखा बदलायला हवा, मध्ये फिकट राहिला तर मशीन बंद. ही टेस्ट व्हॅक्यूमच्या मशीनची आहे, जुन्या उभ्या ऑटोक्लेव्हला ती लागू नाही. एवढं कळायला मला बरंच वाचावं लागलं. प्रत्येक पॅकवर बाहेरून टेप आणि आत, मधोमध, क्लास ५ ची पट्टी, जी वाफ, तापमान आणि वेळ पुरेसे मिळाले का ते दाखवते. टेपवर पट्टे उमटले म्हणजे पॅक गरम मशीनमधून गेला, इतकंच कळतं. आत निर्जंतुक झालं का हे टेप सांगत नाही. ही गोष्ट मी ओटीच्या दारावर लिहून लावली आहे.

आणि आठवड्यातून एकदा जैविक चाचणी. छोट्या कुपीत जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जंतूचे स्पोअर (बीजाणू) असतात, वाफेला सगळ्यात चिवट. लोडमध्ये ठेवायची, मग फोडून इन्क्युबेटरमध्ये ५६ अंशांच्या आसपास. सोबत त्याच बॅचची, ऑटोक्लेव्ह न केलेली दुसरी कुपी. दुसरी पिवळी झाली पाहिजे, म्हणजे स्पोअर जिवंत होते. आपली जांभळीच राहिली पाहिजे. पहिल्या वेळी ४८ तास थांबायचं होतं आणि मी दर दोन तासांनी जाऊन बघत होते. रात्रपाळीची सिस्टर म्हणाली, "सिस्टर, घरी जा, मी फोटो पाठवते की." पहाटे फोटो आला: एक पिवळी, एक जांभळी. इतका आनंद मला त्या वर्षात दुसऱ्या कशाने झाला नाही. कुपी आम्हाला शंभर-दीडशेला पडते, इन्क्युबेटर सात-आठ हजारांना.

ग्लुटराल्डिहाइडचा वापर खूप कमी केला. जे वाफेत जातं ते वाफेतच घालायचं, जे उष्णता सोसत नाही ते ईटीओला (इथिलीन ऑक्साइड गॅसने निर्जंतुक करायला) बाहेर पाठवायचं. जुन्या दुर्बिणीसाठी असलेली फॉर्मलिनच्या गोळ्यांची पेटी मी काढूनच टाकली. फॉर्मल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलंय, आणि त्या पेटीत निर्जंतुकीकरणाची खात्रीही नाही. जिथे ग्लुटराल्डिहाइड राहिलं तिथे एक्झॉस्ट फॅन, झाकण, उघडल्याची तारीख आणि रोज तीव्रता बघायची पट्टी. बाटलीवर १४ दिवस लिहिलेले असले तरी पट्टी नापास झाली की त्याच दिवशी ओतायचं.

यंत्रांपेक्षा मला जास्त काळजी माणसांची होती. जानेवारीतच मावशी, वॉर्डबॉय मामा आणि ओटी टेक्निशियन यांच्या हिपॅटायटिस बीच्या लसी सुरू केल्या: पहिली, महिन्याने दुसरी, सहा महिन्यांनी तिसरी. शेवटच्या डोसनंतर महिन्याभराने रक्तातली अँटीबॉडी तपासली; १० च्या वर हवी. पैसे हॉस्पिटलने भरले आणि हे मी लेखी करून घेतलं. जाड हातमोजे, गमबूट, ॲप्रन, चष्मा. मावशींना चष्म्याचा त्रास व्हायचा, घामाने धूसर व्हायचा. मग तोंडभर येणारी फेस शील्ड आणली आणि ती त्या आपणहून घालतात. सुई टोचली तर काय करायचं याचा कागद सिंकच्या वरच लावलाय: वाहत्या पाण्याखाली साबणाने धुणं, पिळायचं नाही, लगेच मला फोन, आणि गरज पडली तर औषधासाठी सीपीआर या सरकारी रुग्णालयात. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध जितकं लवकर तितकं चांगलं, ७२ तासांच्या आतच.

जूनपासून आणखी एक अडचण उभी राहिली. कोल्हापूरच्या पावसात कपडा वाळत नाही हे इथे सगळ्यांना माहीत आहे, पण पॅकिंगचा कपडा दमट असला की पॅक ओले निघतात, आणि ओला पॅक म्हणजे निर्जंतुक नसलेला पॅक, कारण ओल्या कापडातून जंतू आत येतात. ड्रायर घेतला. पॅक एकावर एक न रचता उभे, हात जाईल एवढी फट ठेवून लावायला लागलो. सायकल संपल्यावर दार किंचित उघडून पॅक आतच ठेवायचे, आणि गरम पॅक थंड स्टीलवर कधीच ठेवायचा नाही, खाली पाणी धरतं. वापर जास्त असलेल्या सेटसाठी न विणलेल्या कापडाचे रॅपर आणले. ते महाग आहेत, एकदाच वापरता येतात, पण पावसाळ्यापुरते परवडतात.

जुलैच्या शेवटी पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली. २०१९ आणि २०२१ ला नदी ५५ फुटांच्या वर गेली होती, तेव्हा नळाचं पाणी बंद पडून शहरभर टँकर फिरत होते, हे कुणीच विसरलेलं नाही. पाणी नसेल तर इन्स्ट्रुमेंट धुता येत नाही, आणि धुता येत नसेल तर ऑपरेशन करता येत नाही. म्हणून आम्ही एका दिवसाच्या धुण्याला किती पाणी लागतं ते मोजलं, तेवढी वेगळी टाकी ठेवली आणि सिझेरियनचे जादा सेट आधीच तयार केले. नदी ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीला आली की ठरवून करायची ऑपरेशनं पुढे ढकलायची, असं सरांनी लिहूनच दिलं. हा कागद तपासणीत फार कामाला आला.

तपासणी ऑगस्टअखेर झाली. आधी ऑनलाइन अर्ज, फी, स्वतःच भरायची स्वयंमूल्यांकनाची तक्ता-यादी आणि धोरणांचे कागद. कागदांवर शंका आल्या, उत्तरं पाठवली, मग तारीख मिळाली. तपासायला आलेल्या मॅडम ऑटोक्लेव्ह रूममध्ये आल्या आणि माझ्याशी दोन वाक्यं बोलून थेट मावशींकडे वळल्या. "हे कसं धुता, दाखवा." मावशींनी फेस शील्ड खाली घेतली, आर्टरी उघडली आणि बोलतच राहिल्या: "सांदा उघडायचा, पाण्याखाली घासायचं, गरम पाणी घ्यायचं न्हाई, रगात गोठतंय." मी मागे उभी होते. त्यांच्या आवाजात जराही थरथर नव्हती.

मग मॅडमनी कपाटातून एक पॅक उचलला आणि हा कुणासाठी कधी वापरला जातो, याच लोडमधले बाकीचे पॅक कुठे आहेत, असं विचारलं. प्रत्येक पॅकवर आम्ही मशीन, लोड नंबर, तारीख आणि पॅक करणाऱ्याची सही असलेलं लेबल लावतो. वापरताना ते लेबल पेशंटच्या केसपेपरवर चिकटतं. त्यामुळे एखादी जैविक चाचणी नापास झाली तर त्या लोडचं सामान कुणाला लागलं ते शोधता येतं. रजिस्टर उघडून काही मिनिटांत दाखवलं. जुलैत आम्ही याचा सराव करून ठेवला होता; तुम्हीही करा, नुसतं लेबल असून भागत नाही.

दोन त्रुटी निघाल्या. निर्जंतुक सामानाच्या कपाटाजवळ तापमान आणि आर्द्रतेची नोंद नव्हती, आणि ब्रश कधी बदलले याची नोंद नव्हती. दोन्ही रास्त होत्या. हायग्रोमीटर टांगला, ब्रशचं रजिस्टर सुरू केलं, फोटो आणि नोंदींची पानं अपलोड केली. दिवाळीच्या आधी प्रमाणपत्राचं पत्र आलं.

ज्यांची सुरुवात व्हायची आहे त्यांनी खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी सिंक, ब्रश आणि एन्झाइम क्लीनर, मग लसी, मग जैविक चाचणीचा इन्क्युबेटर, आणि सगळ्यात शेवटी मोठं मशीन. इन्क्युबेटर आधी आला तर जुन्या ऑटोक्लेव्हचीही चाचणी लगेच सुरू करता येते आणि तपासणीपर्यंत काही महिन्यांच्या नोंदी हातात असतात. कुप्या मागवताना मुदतीची तारीख बघून घ्या, एकदम पेटीभर घेतल्या तर छोट्या हॉस्पिटलात संपत नाहीत. आम्ही शेजारच्या हॉस्पिटलबरोबर अर्धी-अर्धी पेटी वाटून घेतो.